स्मरणिकेतली गोगलगाय

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कुजक्या पानांखाली राहणाऱ्या, साबुदाण्याच्या दाण्याएवढ्या एका गोगलगाईसाठी मी २०१३ साली नवी प्रजाती स्थापन केली आणि तिचे नाव ‘बोरिवलिएला’ ठेवले. प्रजाती म्हणजे एकमेकींच्या जवळच्या जातींचा गट. प्राण्याच्या शास्त्रीय नावातला पहिला शब्द प्रजातीचा असतो, दुसरा जातीचा. दुसरा शब्द मी पत्नी सुगंधाच्या नावावरून घेतला : ‘सुगंधी’. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत मी अकरा जातींना नावे दिली. प्रजाती मात्र एकच. या एका नावाचा मला किती अभिमान आहे, हे गेल्या मार्चपर्यंत माझ्या लक्षात आले नव्हते.

मार्चमध्ये मला दर्शना हिवराळे नावाच्या मुलीचा ईमेल आला. ती मुलुंडच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करत होती. तिने लिहिले होते : ‘रेडकर सर, तुमचा बोरिवलिएलावरचा निबंध वाचला. मला वाटते, हीच प्रजाती माझ्या आजोबांनी १९८८ मध्ये वर्णन केली होती. पानाचा फोटो जोडला आहे. माझे चुकत असेल तर क्षमा करावी.’

फोटोतल्या पानावर वरच्या कोपऱ्यात ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंती महोत्सव स्मरणिका, घाटकोपर’ असे होते आणि तळाशी पान क्रमांक एकतीस. पानाच्या अर्ध्या भागात एका छत्री दुरुस्ती केंद्राच्या हार्दिक शुभेच्छा होत्या. उरलेल्या अर्ध्यात लेख होता : ‘आपल्या टेकडीवरची गोगलगाय’. लेखक अंबादास हिवराळे, विज्ञान शिक्षक, महापालिका शाळा. गोगलगाईचे नाव ‘विहारिया घाटकोपरेन्सिस’.

मी लेख दोनदा वाचला. वर्णन चांगले होते. शंखाच्या तोंडाशी आतल्या बाजूला दोन दात, त्यांतला आतला आकड्यासारखा वळलेला, असे त्यात लिहिले होते. हा वळलेला दात हेच बोरिवलिएलाचे लक्षण आहे. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही गोगलगाईत तो नाही, असे मी छापील स्वरूपात ठामपणे म्हटलेले आहे.

प्राण्यांच्या नावांविषयी एक आंतरराष्ट्रीय संहिता आहे. एकाच गटाला दोन नावे मिळाली, तर आधी छापलेले नाव टिकते आणि नंतरचे रद्द होते. आधीचे नाव लंडनच्या नियतकालिकात छापले की घाटकोपरच्या स्मरणिकेत, हे संहिता विचारत नाही. ते नियमानुसार छापले गेले की नाही, एवढेच विचारते. म्हणून मी या प्रकरणाचा वस्तुनिष्ठपणे विचार करू लागलो, म्हणजे त्या नावात खोट कुठे आहे ते शोधू लागलो.

खोट पाच मिनिटांत सापडली.

“सुगंधा, वाचलो!” मी स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणालो.

सुगंधा भांडुपच्या शाळेत गणित शिकवते. ती हातातली कोथिंबीर तशीच घेऊन बाहेर आली. “कशातून?”

मी तिला सगळे सांगितले. वर्णन कुठल्याही भाषेत असले तरी चालते, पण नाव मात्र रोमन अक्षरांतच छापलेले असावे लागते. स्मरणिकेतले नाव देवनागरीत होते. म्हणजे संहितेच्या दृष्टीने ते नाव नव्हतेच.

“मग ती मुलगी हरली.”

“यात हरणं-जिंकणं नसतं. नियमाचा प्रश्न आहे.”

“मग तुला घाम का आलाय रे?” तिने खुर्ची ओढली. “बरं, तुझं नाव गेलं असतं, तर माझं पण गेलं असतं?”

“नाही. सुगंधी टिकली असती. तिची फक्त प्रजाती बदलली असती.”

“म्हणजे मी बोरिवली सोडून घाटकोपरच्या नावावर. चालेल की! मला भांडुपहून जवळ पडतं.”

मी दर्शनाला सौजन्याने लिहिले की, लेख अतिशय सुंदर आहे, परंतु देवनागरीतील नाव ग्राह्य धरता येत नाही, याचा खेद वाटतो. खेदाचा भाग खरा नव्हता. तिचे उत्तर अकरा मिनिटांत आले : ‘सर, चित्राच्या खाली बघा.’

लेखात शंखाचे एक रेखाचित्र होते. मी ते मोठे करून पाहिले. चित्राखाली, मोजपट्टीच्या बाजूला, नीट वळणदार रोमन अक्षरांत पूर्ण नाव लिहिलेले होते. छापखान्यात फक्त देवनागरी अक्षरांचे खिळे असावेत आणि हिवराळे गुरुजींना ते ठाऊक असावे. त्यांनी नाव चित्रातच काढले होते. चित्राचा ठोकळा करून तो छापला, म्हणजे नावही छापले गेले. रोमन अक्षरे खिळ्यांनीच जुळवावीत, असे संहिता म्हणत नाही.

पुढचे दोन दिवस मी ‘विहारिया’ हे नाव दुसऱ्या एखाद्या प्राण्याने आधीच घेतले आहे का, हे शोधत होतो. तसे असते तर गुरुजींचे नाव बाद झाले असते. ब्राझीलमधला एखादा भुंगा, सैबेरियातला एखादा अश्मीभूत मासा, काहीही चालले असते. प्राणिसृष्टीने माझी निराशा केली.

आता दोनच शंका उरल्या. स्मरणिका खरोखर वाटली गेली होती का, आणि ती गोगलगाय खरोखर माझ्याच प्रजातीची होती का. दोन्ही गोष्टी फोटोवरून ठरणाऱ्या नव्हत्या. मी दर्शनाला कळवले आणि रविवारी सकाळी मुलुंडच्या घरून रिक्षाने घाटकोपरला गेलो.

हिवराळ्यांचे घर पश्चिमेला, डोंगराच्या उतारावर नव्याने झालेल्या सात मजली इमारतीत होते. दार दर्शनाने उघडले. आत अंबादास हिवराळे इस्त्रीचा पांढरा सदरा घालून बसले होते. वय त्र्याऐंशी, पाठ सरळ. शेजारी त्यांच्याच वयाचे एक जाडजूड गृहस्थ मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेले काहीतरी घेऊन बसले होते.

“जय भीम, डॉक्टर,” गुरुजी म्हणाले. “हा भीमराज साळवे. स्मरणिकेचा संपादक हाच होता. म्हटलं, काही गुन्हा झाला असेल तर दोघांना एकदमच धरा.”

“गुन्हा याचा, सही माझी,” भीमराज म्हणाले. “पहिल्यापासून असंच आहे.”

मी आधी शंख मागितले. गुरुजींनी कापराची एक जुनी डबी पुढे केली. आत कापसावर सहा शंख होते आणि पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी : ठिकाण, तारीख, ‘करवंदीच्या जाळीखाली, दगडाच्या सावलीच्या बाजूस’. मी खिशातले भिंग काढले. पहिल्या शंखात दोन दात, आतला वळलेला. दुसऱ्यात तेच. सहाही शंख तपासले. बोरिवलीच्या शंखांपेक्षा यांना एक वेढा कमी होता, त्यामुळे जात वेगळी होती. प्रजातीबद्दल मात्र शंका घ्यायला जागा नव्हती. शंका घेणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे मी सहावा शंख पुन्हा पाहिला.

“तीच आहे ना, सर?” दर्शनाने विचारले.

“तीच आहे. आता सांगा, प्रती किती छापल्या?”

“पाचशे,” भीमराज म्हणाले. “चौदा एप्रिलला, मिरवणूक निघायच्या आधी घरोघर दिल्या. एक वॉर्डाच्या ग्रंथालयात दिली.”

“त्या प्रतीवर अठरा एप्रिल १९८८चा शिक्का आहे, सर,” दर्शना म्हणाली. “मी बघून आले.”

“आमच्याकडे तीन आल्या होत्या,” गुरुजींच्या पत्नी द्रौपदीबाई आतून म्हणाल्या. “दोन तर मी कपाटाच्या फळीवर अंथरल्या.”

“बघा डॉक्टर!” गुरुजी म्हणाले. “घरातच ही किंमत.”

मी म्हणालो की, अंथरलेल्या प्रतींविषयी संहिता काही म्हणत नाही. मात्र छापण्याचा हेतू नोंद कायम राहावी असा हवा. त्यावर भीमराजांनी वर्तमानपत्र सोडवून स्मरणिकेची आपली प्रत काढली आणि संपादकीयाचे पहिले वाक्य मोठ्याने वाचले : “‘पुढील पिढ्यांसाठी आपल्या वस्तीतील ज्ञानाची कायमस्वरूपी नोंद राहावी, या हेतूने...’ आता बोला! मला तेव्हाच माहीत होतं, तुम्ही येणार.”

मी ती प्रत हातात घेतली आणि पान एकतीस प्रथमच कागदावर पाहिले. फोटोत मी दातांकडे आणि अक्षरांकडे इतके लक्ष दिले होते की एक गोष्ट नजरेतून सुटली होती. नव्या प्रजातीचे आणि तिच्यातल्या एकमेव नव्या जातीचे वर्णन एकत्र केले, तर संहितेची एक अट लागू होते. तिथे ‘नवी प्रजाती, नवी जाती’ असे किंवा त्याच अर्थाचे शब्द स्पष्टपणे लिहिलेले हवेत. गुरुजींनी एकच वर्णन दिले होते. पण नावापुढे हे शब्द नव्हते. तिथे छापले होते : ‘नवे घर, नवा रहिवासी’.

मी अट समजावून सांगितली. गुरुजींनी ती शांतपणे ऐकली आणि सावकाश भीमराजांकडे वळले.

“ऐकलंस?”

“काय?”

“सदतीस वर्षांनी तरी ऐक! मी काय लिहून दिलं होतं?”

“अरे, पण जयंतीच्या स्मरणिकेत ‘नवी जाती’ छापू?” भीमराज उसळले. “मिरवणुकीतून मला हाकलला असता लोकांनी! बाबासाहेब सांगून गेले जाती मोडा, आणि हा शहाणा पान एकतीसवर नवी काढतो!”

“गोगलगाईची रे!”

“गोगलगाईला तरी कशाला?”

“शास्त्रात त्याला जातीच म्हणतात, भीम्या!”

“मग शास्त्राला सांग बदलायला! डॉक्टर, तुम्हीच सांगा. मी याला म्हटलं, ती गोगलगाय घर पाठीवर घेऊन फिरते ना? मग प्रजातीला म्हण घर आणि जातीला म्हण रहिवासी. कुणाचं काही बिघडत नाही. तर हा आठ दिवस माझ्याशी बोलला नाही.”

“पंधरा,” द्रौपदीबाई आतून म्हणाल्या.

मला हसू आले. पण ते पूर्णपणे विनोदाचे नव्हते. “काका,” मी म्हणालो, “तुमची अडचण मला समजते. पण घर आणि रहिवासी हे शब्द परिभाषेत कुठेच नाहीत. वाचणाऱ्याने त्यांचा अर्थ प्रजाती आणि जाती असाच का घ्यावा? उद्या कुणी म्हणेल, नवे घर म्हणजे नवा शंख. नवा रहिवासी म्हणजे टेकडीवर नव्याने आलेला प्राणी. तुम्ही आज तोंडी सांगून उपयोग नाही. जे काही आहे ते छापलेल्या मजकुरात हवं.”

दर्शना डबीचे झाकण लावत होती. ते तिरके बसत होते.

“म्हणजे नाव धरता येणार नाही,” ती म्हणाली.

“नाही, असं दिसतं.”

“नाही तर नाही,” गुरुजी म्हणाले. “मी पोरांना बत्तीस वर्षं हेच शिकवलं, की नियम आपल्याला सोयीचा असला तरच नियम, असं नसतं. दर्शना, चेहरा कशाला पाडतेस? डॉक्टर रविवारी इथवर आले, भिंग लावून बघितलं, वर्णन बरोबर आहे म्हणाले. मुख्याध्यापकांनी तेव्हा एवढं पण केलं नव्हतं.”

ते हे मनापासून बोलत होते. त्यामुळे माझी थोडी पंचाईत झाली, कारण मला अत्यंत आनंद झाला होता.

द्रौपदीबाईंनी चहा आणि शेंगदाण्याची चटणी लावलेल्या भाकरीचे तुकडे आणले. दोघे म्हातारे त्या वर्षीच्या मिरवणुकीत कोणाचा ट्रक पुढे होता यावर वाद घालू लागले. कोणताही संदर्भ देण्यापूर्वी तो पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत पाहायचा, ही माझी विद्यार्थिदशेपासूनची सवय आहे. ते नाव ग्राह्य नाही, असे मला कुठेतरी लिहावे लागणार होते. म्हणून मी स्मरणिका मुखपृष्ठापासून चाळू लागलो. समितीची नावे, दहावीत उत्तीर्ण झालेल्यांचे फोटो, धम्मावरचा एक लेख, तीन कविता, दोन सायकल दुकानांच्या शुभेच्छा. शेवटच्या पानावर शुद्धिपत्र होते. त्यात चार चुका दुरुस्त केलेल्या होत्या. त्याखाली, अगदी बारीक टायपात, हा मजकूर होता :

‘समितीचा ठराव क्र. ४ : पान ३१ वरील शास्त्रीय लेखात लेखकाने “नवी प्रजाती, नवी जाती” असे शब्द योजिले होते. समितीने बहुमताने “प्रजाती” या अर्थी “घर” व “जाती” या अर्थी “रहिवासी” हे शब्द छापले आहेत. वाचकांनी तोच अर्थ घ्यावा. लेखकाची नाराजी येथे नोंदविण्यात येत आहे. — संपादक’

मी ते तीन वेळा वाचले. त्याच अर्थाचे शब्द, असे संहिता मागत होती. कुठल्या शब्दाचा अर्थ काय, हे इथे त्याच प्रकाशनात, त्याच तारखेला, ठरावासह छापलेले होते. इतक्या स्पष्टपणे तर ते मीही २०१३ साली लिहिले नव्हते.

मी वर पाहिले. भीमराज ट्रकचा नंबर आठवत होते. गुरुजी भाकरी मोडत होते. दर्शना माझ्याकडे पाहत नव्हती. तिने ग्रंथालयात पान एकतीसचा फोटो घेतला होता, मुखपृष्ठावरचा शिक्का पाहिला होता. शुद्धिपत्र कोण वाचतो? या खोलीत हा ठराव ज्याने लिहिला होता, तोही तो विसरला होता. मी फक्त स्मरणिका मिटून चहा प्यायला, की प्रकरण संपत होते.

हा विचार माझ्या मनात किती वेळ राहिला, ते मोजण्याचे साधन माझ्याजवळ नव्हते. चहावर साय धरली होती, एवढे निरीक्षण मात्र नोंदवतो.

“साळवेकाका,” मी म्हणालो, “ठराव क्रमांक चार आठवतो का?”

“कसला ठराव?”

मी तो मोठ्याने वाचला. शेवटच्या वाक्याला द्रौपदीबाई पदर तोंडाला लावून हसू लागल्या.

“हे मी लिहिलंय?” भीमराजांनी स्मरणिका माझ्या हातातून जवळजवळ ओढून घेतली. “अरे, मीच लिहिलंय! ‘योजिले’! माझाच शब्द आहे!” ते गुरुजींकडे वळले. “बघ अंब्या! आणि तू सदतीस वर्षं मला शिव्या घालतोयस!”

गुरुजींनी चष्मा चढवून ते पान डोळ्यांजवळ नेले. “मी हे पान कधी उघडलंच नाही,” ते हळू म्हणाले. “पान एकतीस बघितलं, डोकं फिरलं, स्मरणिका मिटली. ती मिटलीच.”

“सर,” दर्शना सावधपणे म्हणाली, “म्हणजे आता विहारिया ग्राह्य?”

“ग्राह्य.”

“आणि बोरिवलिएला?”

“रद्द. पंचवीस वर्षं उशीर झाला तिला.”

तिने तोंडावर हात ठेवला. आनंद करावा की सांत्वन, हे तिला ठरवता येत नव्हते. भीमराजांना असली अडचण नव्हती. त्यांनी माझ्या पाठीवर असा हात मारला की भिंग चटणीत पडले.

“डॉक्टर, वाट लागली तुमची! स्वतःच्या हाताने घालवलंत की सगळं!”

“तुम्ही हे वाचलं नसतं तर आम्हाला कळलंही नसतं,” गुरुजी म्हणाले.

“आज नाही, तर दहा वर्षांनी कुणीतरी वाचलं असतं,” मी भिंग पुसत म्हणालो. “आणि रेडकरांनी शेवटचं पान पाहिलं नव्हतं, असंही छापलं असतं. ते मला परवडलं नसतं.”

हे खरे होते, पण पूर्ण खरे नव्हते. गुरुजींनी मान हलवली आणि आणखी काही विचारले नाही. थोड्या वेळाने त्यांनी विचारले ते वेगळेच : “बोरिवलीची ती जिवंत कशी दिसते हो? माझी मी पावसाळ्यातच बघितली. आता ती टेकडी इमारतीखाली गेली.”

मी फोनवर चित्रफीत दाखवली. साबुदाण्याएवढा शंख एका पानाच्या कडेने चालला होता. गुरुजींनी ती चार वेळा पाहिली. तिच्या शिंगांचा रंग माझ्या निबंधात फिकट पिवळा दिला आहे. तो पिवळा नसून ओल्या बांबूसारखा आहे, असे त्यांचे मत पडले. ते बरोबर होते. इमारतीमागे उताराचा एक पट्टा अजून मोकळा आहे, तिथे जूनमध्ये आपण शोधू, असे दर्शनाने सांगितले. मी म्हणालो की मीही येईन. भीमराज म्हणाले की त्यांना बोलावले नाही तर ते ठराव करतील.

निबंध दर्शनाने आणि मी मिळून लिहिला; तो तीन पानांचा झाला. समीक्षकांपैकी एकाने विचारले, स्मरणिका हे शास्त्रीय प्रकाशन कसे? आम्ही संपादकीयाचे पहिले वाक्य, ग्रंथालयाचा शिक्का आणि ठराव क्रमांक चार, तिन्ही भाषांतरासह पाठवले. त्याचे उत्तर एका ओळीचे होते : असा काटेकोरपणा आमच्या संपादक मंडळातही असता तर बरे झाले असते. ते मी भीमराजांना फोनवर वाचून दाखवले. त्यांनी ते मला पुन्हा वाचायला लावले, या वेळी स्पीकरवर.

ऑगस्टमध्ये निबंध छापून आला. मी तो जेवणाच्या टेबलावर ठेवला. सुगंधाने चष्मा लावून पहिले पान वाचले आणि एका ओळीवर बोट ठेवले.

“‘विहारिया सुगंधी’. छान वाटतं. पण पुढे तुझं आडनाव कंसात का?”

“नियम आहे. जात मूळ प्रजातीतून दुसऱ्या प्रजातीत हलवली, की तिला नाव देणाऱ्याचं नाव कंसात जातं.”

“आणि हिवराळे गुरुजींचं?”

“ते बिनकंसाचं. त्यांची जात हललेली नाही.”

“म्हणजे माझं नाव तिरक्या ठसठशीत अक्षरांत आणि तू कंसात.”

“कायमचा.”

ती हसली, निबंध मिटून बाजूला ठेवला आणि माझ्यापुढे भेंडीची पिशवी आणि सुरी सरकवली.

“मग बस चिरायला. आमच्या गणितात कंसातलं आधी सोडवतात.”